यंत्राची नजर (लेखांक 6) : झिजलेला रूळ आणि न झिजलेला

चित्रातली कडा संगणक कशी शोधतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तेच तंत्र विक्रोळीच्या रुळांवर लावून पाहू.

विक्रोळी स्थानकाच्या पादचारी पुलावरून खाली पाहिलं, की रुळाच्या माथ्यावर चकचकीत पट्टा दिसतो. चाक टेकतं ते तिथेच. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी याच वाटेने गेली; त्यानंतर इथले रूळ कितीदा बदलले, झीज मात्र थांबलेली नाही. धीम्या मार्गावर लोकल ब्रेक लावून थांबते आणि पुन्हा जोर घेऊन निघते. जलद गाड्या विक्रोळीला न थांबता जातात. त्यामुळे शेजारशेजारच्या रुळांची झीजही वेगवेगळी. वळणावर बाहेरच्या रुळाची आतली बाजू जास्त घासते, कारण चाकाची कड तिथे दाबली जाते.

मीटरला 60 किलो वजनाच्या रुळाची उभी झीज 13 मिलिमीटरला पोचली, की तो बदलायचा. 52 किलोच्या रुळाला ही मर्यादा 8 मिलिमीटर. इतक्या बारीक फरकावर निर्णय ठरतो, आणि मोजणारा कॅमेरा तर धावत्या डब्याखाली बसवलेला!

रुळावर लेसरची पातळ रेघ आडवी टाकतात आणि कॅमेरा तिरका ठेवतात. समोरून सरळ दिसली असती ती रेघ तिरक्या नजरेला रुळाच्या आकाराप्रमाणे वाकलेली दिसते. लेसरच्याच रंगाचा प्रकाश आत सोडणारी काच भिंगापुढे असते, म्हणून भर उन्हातही रेघ उठून दिसते. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. सेकंदाला हजार चित्रं घेतली, तर दर 28 मिलिमीटरला रुळाचा एक छेद हाती येतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. डबा हलतो, डोलतो. प्रत्येक चित्रात रूळ थोडा सरकलेला, थोडा कललेला असतो. मग माथा खाली गेला तो झिजून, की डबा उसळला म्हणून? याचं उत्तर मला या साऱ्या तंत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. चाक रुळाच्या माथ्याला लागतं, मधल्या उभ्या भागाला आणि तळाला लागत नाही. म्हणून संगणक आधी हे न झिजलेले भाग नव्या रुळाच्या आराखड्याशी तंतोतंत जुळवतो. ते जुळले की माथ्यापाशी जे अंतर उरतं, ती झीज.

भारतीय रेल्वेच्या ट्रॅक रेकॉर्डिंग कारवर आता अशी लेसर-कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली जाते. मुंबईत तिचं मोल अधिक, कारण इथे रूळ बदलायला सवड मिळते ती रात्रीच्या थोड्या तासांत किंवा रविवारच्या माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉकमध्ये. ते तास कुठल्या रुळाला द्यायचे, हे अंदाजाने ठरवणं परवडणारं नाही.

पावसात मात्र ओल्या रुळावरून लेसर भलतीकडे उसळतो आणि रेघ तुटते. तुटलेल्या जागी अंदाजाचा आकडा भरणं मला साफ चूक वाटतं. ती जागा रिकामी ठेवावी आणि तिथे माणसाने गेज लावून मोजावं. शिवाय ही रेघ रुळाचा बाहेरचा आकारच सांगते. पोटातला तडा शोधायला अल्ट्रासॉनिक तपासणी लागते; ती पुढच्या लेखात.