सांधा दिसता कामा नये!

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेने बचत गटाच्या कर्जातून बारा मीटर सुती कापड छापून आणले. नक्षी तिची स्वतःची. ऐनाची पाने आणि मध्ये रेशमाचा कोसा, म्हणजे अगदी आपल्या भंडारा जिल्ह्याची! मोठ्या हौसेने आम्ही ओटीवर कापड उलगडले, आणि दोघींचेही चेहरे उतरले. दर वीतभर अंतरावर एक पांढरी सरळ वाट, आडवी आणि उभी.

“ताई, हे तं खिडकीच्या गजासारखं दिसून राहिलं ना!” ती म्हणाली. कुर्ते शिवून देणाऱ्या बाईंनी कापड परत केले. त्यातल्या काहींच्या उशांच्या खोळी झाल्या. बाकीचे कपाटात आहे. हप्ता मात्र चालूच.

तिने लगेच निदान केले, की आपले फुकटचे सॉफ्टवेअरच वाईट. आता ते नामांकित, भारीतले घ्यायचे. ते विकत मिळत नाही बरं का, भाड्याच्या घरासारखे आहे. पैसे भरता तोवर आपले. मी म्हटले, थांब जरा. शाळेतले माझे तास तीनच, दुपार मोकळी असते. आधी चूक कुठे झाली ते पाहू.

चूक सॉफ्टवेअरची नव्हतीच. तिने चौकोनात सुंदर चित्र काढले होते, पण कडांना हात लावला नव्हता. असे चौकोन शेजारी शेजारी ठेवले की मधे गल्ली पडणारच. छपाईवाले ज्याला ‘रिपीट’ म्हणतात त्याची सगळी गोम कडांत आहे. उजव्या कडेवर अर्धे कापले गेलेले पान डाव्या कडेवर त्याच उंचीवर पुरे झाले पाहिजे. वरचे खालीही तसेच.

मैत्रिणींनो, हे समजायला संगणक नको, कात्री नि चिकटपट्टी पुरे. कागदाच्या मधोमध चित्र काढा, कडा कोऱ्या ठेवा. कागद उभा मधोमध कापा आणि डावा तुकडा उजवीकडे नेऊन चिकटवा. मग आडवा कापून वरचा भाग खाली न्या. आता चित्राचे तुकडे चारी कोपऱ्यांत गेले आणि मध्ये मोकळी जागा आली. ती भरा, फक्त नव्या कडांना स्पर्श करू नका. झाला बिनसांध्याचा चौकोन! आम्ही हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर केले. सासूबाई म्हणाल्या, “पोळपाटाखाली कागद कोणाचे?”

‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरमधली ‘ऑफसेट’ ही सोय नेमके हेच करते. अर्धी रुंदी, अर्धी उंची असे बटणच आहे. पण जावेला हाताने रंगवायची आवड, म्हणून तिला ‘क्रिता’ जास्त मानवले. तेही मोफत. त्यात ‘रॅप अराउंड’ नावाची सोय आहे. डब्ल्यूचे बटण दाबले की चौकोन चहूकडे पसरलेला दिसतो आणि उजवीकडे बाहेर गेलेली कुंचल्याची रेघ डावीकडून आपोआप आत येते. गल्ली पडली तर तिथल्या तिथे दिसते, बारा मीटर छापल्यावर नाही.

करवती काठासारखे काही करायचे असेल तर मात्र मी ‘इंकस्केप’ सांगेन. मोहाडी-आंधळगावची कोशाची करवती साडी तुम्ही पाहिली असेलच. करवतीच्या दातांसारखा काठ, एक दात दुसऱ्यासारखा. असे नेमके, रेघीव आकार इंकस्केपमध्ये कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत, कारण तिथे चित्र ठिपक्यांचे नसून रेषांच्या मोजमापाचे असते. शिवाय एक दात काढून त्याच्या ओळी मांडायला ‘टाइल्ड क्लोन्स’ आहे. त्यात मांडणीचे सतरा प्रकार दिलेले पाहून मी चकित झाले. सपाट जागा नक्षीने भरायचे प्रकार सतराच, हे फेडोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ साली सिद्ध केले होते! ठिपक्यांच्या रांगोळ्या काढणाऱ्या आपल्या आज्यांनी त्यातले किती वापरले असतील?

मग भारीतले घ्यायचेच नाही का? ‘इलस्ट्रेटर’मध्ये २०१२ पासून रिपीटची स्वतंत्र सोय आहे. विटांच्या थरासारखी सरकती मांडणी एका टिचकीत होते. रोज दहा नक्ष्या करणारीला ते पैसे वसूल होतील. महिन्याला दोन करणारीला नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आयपॅड असेल तर ‘प्रोक्रिएट’ एकदाच विकत घ्यावे लागते, पण नुसत्या त्यासाठी आयपॅड घेऊ नये.

निवड करण्याआधी छपाईवाल्याला विचारा, तो कोणती फाइल घेतो आणि चौकोन किती इंचांचा. सहा इंचांचा चौकोन दर इंचाला तीनशे ठिपक्यांनी हवा असेल तर अठराशे ठिपके रुंद, अठराशे उंच. आकडा पूर्णच हवा. अपूर्णांक राहिला तर सांध्यावर केसाएवढी रेघ उमटू शकते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमच्या जाऊबाईंनी पहिल्या वेळी हेही केले होते, ते मला परवा कळले!

नवी नक्षी क्रितात काढून आम्ही या खेपेला एकच मीटर छापून मागवले. आले, धुतले, दोरीवर घातले. सासूबाईंनी चष्मा लावून सांधा शोधला, मिळाला नाही. पानांचा हिरवा मात्र पडद्यावर होता त्यापेक्षा निळसर उतरला आहे. त्यात थोडा पिवळा वाढवून जाऊ आता दुसरा नमुना पाठवणार आहे. बारा मीटरचे नंतर बघू.