भार एका पायावर

बंगळुरूत फेब्रुवारी म्हणजे रस्त्यावर टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा आणि त्या झाडाखाली आईची साडी सांभाळत उभ्या असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली. मार्चमध्ये पीयूसीची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा, त्याआधी कॉलेजात फेअरवेल. भाषणं आटोपतात, फोटो मात्र दिवसभर चालतात. आणि प्रत्येक फोटोआधी तोच पेच: उभं राहायचं कसं?

मराठी घरातली आई सांगणार, "नीट ताठ उभा राहा बघू." मुलगा दोन्ही पाय जुळवतो, हात कमरेवर ठेवतो आणि थेट पंढरीचा विठोबा होतो. विठोबाला ते शोभतं. ज्याला कसलीच घाई नाही त्याची ती मुद्रा आहे. उसन्या ब्लेझरातला मुलगा मात्र तसा उभा राहिला की हुकूम सुटण्याची वाट बघणारा एनसीसीचा कॅडेट वाटतो.

मुरलेला फोटोग्राफर एवढंच म्हणतो, "एका पायावर भार टाक, दुसरा ढिला सोड." वाचता वाचता उठून करूनच बघा. सगळं वजन उजव्या पायावर घेतलं की कंबर डावीकडे खाली झुकते. तोल जाऊ नये म्हणून शरीराचा मध्य उजव्या पावलावर यायला हवा, तेव्हा पाठीचा कणा आपणहून वळण घेतो, उजवा खांदा थोडा उतरतो, मान जराशी उलट कलते. सूचना एका पायाला, आणि हलतं डोक्यापर्यंत सगळं! यातलं काहीही मुद्दाम करायला गेलात तर अवघडल्यासारखं दिसतं. पायापासून सुरुवात केली की शरीर आपलं गणित आपणच सोडवतं.

हेच वळण आपल्या मूर्तिकारांनी त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या शरीराच्या मुद्रेत, पकडलं. बंगळुरूहून हासनच्या वाटेने बेलूरला गेलात, तर 1117 साली होयसळ राजा विष्णुवर्धनाने उभारलेल्या चेन्नकेशव मंदिरात आरसा धरलेली दर्पणसुंदरी आहे. नऊशे वर्षं ती स्वतःला न्याहाळते आहे. आजच्या मुली फोनचा कॅमेरा उलटा करून कपाळावरची बट सारखी करतात, त्याच तल्लीनतेने. त्याहून मागे जायचं तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची ती ब्राँझची मुलगी आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, वय साडेचार हजार वर्षं. उजवा हात कमरेवर, एक गुडघा वाकलेला, हनुवटी वर. पुरातत्त्ववाल्यांनी तिला नर्तकी म्हटलं, पण मला ती नाचताना कधीच दिसली नाही. ती फोटोसाठी उभी आहे! कमरेवरच्या हाताची करामतही तिच्याकडेच बघून कळते: कोपर आणि धड यांच्यामध्ये मोकळी फट राहते, तिच्यातून पलीकडचं दिसतं आणि शरीराची रेषा ठळक होते. हात अंगाला चिकटले की सगळा एकच ठोकळा.

आता चेहरा. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत आपलं नाक इतकं मोठं का येतं, हे कोडं निव्वळ भूमितीचं आहे. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण 12 सेंटिमीटर पुढे असतो असं धरा. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर, म्हणजे नाकाच्या तुलनेत चाळीस टक्के लांब. तोच फोन दीड मीटरवर नेला की 150 आणि 162. फरक आठ टक्क्यांवर येतो. 2018 साली अमेरिकन डॉक्टरांनी याचं गणिती मॉडेल मांडलं: 30 सेंटिमीटरवरून नाकाची रुंदी दीड मीटरच्या तुलनेत सुमारे 30 टक्के जास्त दिसते. तेव्हा फोन मैत्रिणीच्या हातात द्या आणि तिला चार पावलं मागे पाठवा.

हसू तर अगदी अलीकडचं. बर्कलीच्या संशोधकांनी 1905 ते 2013 या काळातले अमेरिकन शाळकरी मुलांचे जवळपास 38 हजार वार्षिकांक-फोटो जमवले आणि 2015 मध्ये दाखवून दिलं, की दशकं सरत गेली तसे ओठांचे कोपरे वर चढत गेले. सुरुवातीची पोरं आपल्या पणजोबांसारखीच गंभीर. आज मात्र "स्वल्प नगम्मा" म्हणत कन्नड फोटोग्राफर हसवल्याशिवाय बटण दाबत नाही.

राहता राहिला उजेड, आणि इथे बंगळुरू जरा कंजूष आहे. दुपारी सूर्य डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. गर्द झाडाखाली जावं तर पानांवरून आलेला हिरवट उजेड गालांवर उतरतो. म्हणून सगळे संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची वाट बघतात. पण हे शहर 13 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवर असलेला सूर्य इथे पंचवीसेक मिनिटांत मावळतो. लंडनमध्ये तो तिरका सरकत जातो, त्यामुळे तिथे तेवढ्याच उतरणीला चाळीस मिनिटं किंवा जास्तच लागतात. फेब्रुवारीत इथला सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. म्हणजे सहाला सगळे जागेवर हजर हवेत, पदराला पिन आधीच लावलेली हवी, आणि ऐन वेळी निऱ्या सुटल्या तर त्या सावरायला मावशी सोबत असलेली बरी.