बारा शब्दांची अमानत

लाकडाच्या धंद्यातल्या माणसाला शिक्क्याची किंमत सांगावी लागत नाही. आलापल्लीच्या जंगलातला सागवानाचा ओंडका बल्लारपूरला येतो, तेव्हा त्यावर हातोड्याने मारलेली खूण असते. माल कुणाचा आणि कुठला, हे त्या खुणेवरून ठरते. खोटी खूण करणे किंवा असलेली पुसणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणून कोणताही शहाणा व्यापारी शिक्क्याचा हातोडा दुकानाच्या ओट्यावर टाकून ठेवत नाही. तरीही तो चोरीस गेलाच, तर वन खात्याच्या कचेरीत कळवता येते, पोलिसांत तक्रार देता येते आणि त्या शिक्क्याचा माल अडवता येतो.

बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनालाही असाच एक हातोडा असतो. फरक एवढाच की तो हरवला किंवा चोरीस गेला तर कळवायला कचेरी नाही. हा फरक पुष्कळांना पैसे गेल्यावर समजतो.

क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न ज्याने त्याने जाणकारांना विचारून सोडवावा. भारतात हे कायदेशीर चलन नाही. रिझर्व्ह बँकेने त्यातील जोखमीबद्दल वेळोवेळी सावध केले आहे. एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. हा लेख कुणाला या व्यवहारात ओढण्यासाठी नाही. ज्यांनी स्वतः घेतले आहे, किंवा ज्यांच्या मुलाने, भावाने मोबाईलवर घेऊन ठेवले आहे, त्यांच्यासाठी आहे.

हे शब्द म्हणजे काय?

क्रिप्टो ठेवण्याच्या मोबाईलमधील ॲपला किंवा लहान यंत्राला वॉलेट म्हणतात. नाव पाकिटाचे असले तरी त्यात पैसे नसतात. पैशाची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या एका सामायिक खातेवहीत असते. वॉलेटमध्ये फक्त त्या नोंदीवर हुकूम चालवण्याची गुप्त चावी असते. मोबाईल नदीत पडला तरी नोंद जागेवरच राहते. पण चावी गेली तर ती नोंद हलवता येत नाही.

ही चावी म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती माणसाला लिहिता-वाचता यावी म्हणून २०१३ साली एक पद्धत काढण्यात आली. २०४८ साध्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. वॉलेट सुरू करताना यंत्र त्यातून बारा किंवा चोवीस शब्द निवडून एकदा पडद्यावर दाखवते. यालाच रिकव्हरी फ्रेज म्हणतात. बारा शब्दांच्या वैध जुळण्या किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्ये मांडावीत, साधारण तितक्या. म्हणून अंदाजाने ते कुणालाही सापडत नाहीत. पण ज्याच्या हाती ते क्रमाने आले, तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, तुमचा मोबाईल, सही, आधार किंवा ओटीपी न मागता सारी रक्कम उचलू शकतो.

एटीएमचा पिन आणि हे शब्द एक नव्हेत. पिन विसरला तर बँक नवा देते. वॉलेट ॲपचा पिन फक्त त्या मोबाईलचे दार उघडतो. हे बारा शब्द मात्र मालच आहेत असे समजून चालावे.

ज्यांनी एखाद्या एक्स्चेंजच्या ॲपवर पॅन कार्ड आणि मोबाईल नंबर देऊन खरेदी केली आणि माल तिथेच ठेवला, त्यांना असे शब्द मिळालेलेच नसतात. त्यांची चावी कंपनीकडे असते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांचे व्यवहार एक वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. दुसऱ्याच्या गोदामात माल ठेवण्याचा धोका आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. पण स्वतःच्या गोदामाची किल्ली स्वतःच सांभाळावी लागते, आणि पुढचा सारा विचार त्यासाठीच आहे.

जाण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता हरवण्याचा. ब्रिटनमधील न्यूपोर्ट येथील जेम्स हॉवेल्स यांची एक हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची चावी होती. कचऱ्याचा डेपो खोदू द्यावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. नोंद आजही खातेवहीत आहे, सारे जग ती पाहू शकते, पण मालकाला एक पैसाही काढता येत नाही.

दुसरा रस्ता चोरीचा, आणि त्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. पुण्यात २०१८ साली गेनबिटकॉइन योजनेतील फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तपास किचकट असल्याने पोलिसांनी बाहेरच्या दोन जाणकारांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. तपासाच्या निमित्ताने हाती आलेल्या वॉलेटमधील चलन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला त्या प्रकरणातील एका आरोपीला वॉलेटचे युजरनेम आणि पासवर्ड तपास यंत्रणेला देण्याचा आदेश द्यावा लागला. बँकेतले खाते असते तर बँकेला एक पत्र पुरले असते. येथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही चावी असलेल्या माणसाकडेच मागणी करावी लागली.

आता अडचण अशी की या दोन धोक्यांवरचे उपाय परस्परविरोधी आहेत. हरवू नये म्हणून दहा ठिकाणी लिहून ठेवले तर चोरी सोपी होते. चोरी होऊ नये म्हणून एकाच ठिकाणी दडवले, तर एक पूर किंवा एक आग पुरते. मध्यम मार्ग काढावा लागतो.

मोबाईलमध्ये ठेवू नये

सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे शब्दांचा फोटो काढणे. तो फोटो आपोआप इंटरनेटवरील साठ्यात चढतो आणि त्या खात्याचा पासवर्ड फुटला की सारे फुटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाची घातक प्रणाली उघड केली. ती गूगल आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत दुकानांतील काही ॲप्समध्ये लपलेली होती आणि मोबाईलमधील फोटो वाचून त्यात असे शब्द आहेत का, हे शोधत होती.

म्हणून फोटो नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणे नको, ईमेल नको. झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या दुकानातही कागद देऊ नये. शब्द कागदावर किंवा धातूवर, आपल्या हाताने, बंद खोलीत उतरवावेत.

लिहिताना

१. शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहावेत, देवनागरीत नव्हे. आपण 'राइट' असे लिहिले तर त्याचे दोन इंग्रजी शब्द होतात, एक 'बरोबर' या अर्थाचा आणि दुसरा 'लिहिणे' या अर्थाचा. हे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. दहा वर्षांनी कोणता होता, हे कोण सांगणार?

२. प्रत्येक शब्दाला १ ते १२ असा क्रमांक द्यावा. क्रम चुकला तर शब्द निरुपयोगी ठरतात.

३. लिहून झाल्यावर पडद्याशी दोनदा ताडून पाहावे. मग वॉलेटमध्ये अगदी किरकोळ रक्कम टाकून ॲप काढून टाकावे आणि लिहिलेल्या शब्दांवरून ते पुन्हा उभे करावे. रक्कम दिसली तरच मोठा माल त्यात ठेवावा. न तपासलेली नक्कल आणि कोरा कागद यांत फरक नाही.

कागद की धातू?

आपल्या भागात कागदाचे शत्रू अनेक आहेत. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा आणि इरई काठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. भामरागडला पर्लकोटेचे पाणी पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येते. पूर नसला तरी ओल आहे, वाळवी आहे, उंदीर आहेत. ज्यांचे घर लाकडाच्या किंवा बांबूच्या गोदामाला लागून आहे, त्यांना आगीची धास्ती वेगळी.

यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी हा चांगला आणि स्वस्त उपाय आहे. हे स्टील सुमारे १,४०० अंश सेल्सियसला वितळते, ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच; म्हणून ॲल्युमिनियम घेऊ नये. फॅब्रिकेशनच्या कामातून उरलेला दोन मिलिमीटर जाडीचा तुकडाही चालतो. त्यावर हातोडीने ठोकायचे इंग्रजी अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. यादीतील शब्द असे निवडले आहेत की पहिली चार अक्षरे कोणत्याही दोन शब्दांत सारखी येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शब्दाची चारच अक्षरे ठोकली तरी पुरते. तीन अक्षरी शब्द पूर्ण ठोकावा. म्हणजे बारा शब्दांना फार तर ४८ ठोके, शिवाय क्रमांक. आपल्या कारागिरांना हे अर्ध्या तासाचे काम आहे. पंच कुणाकडून मागून आणावेत, पण ठोकावे स्वतः. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे ही पट्टी देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय.

कुठे ठेवावे?

दोन पूर्ण प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, हा साधा नियम. दोन्ही जागा एकाच पुरात किंवा एकाच आगीत सापडू नयेत. एक घरच्या तिजोरीत असली तर दुसरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बँकेच्या लॉकरमध्ये असावी. नातेवाइकाकडे ठेवायची झाल्यास हे जाणून ठेवावे की पट्टी ज्याच्याकडे, रक्कम त्याच्याही हाती.

काहीजण बारा शब्दांचे सहा-सहा असे तुकडे करून दोन ठिकाणी ठेवतात. यात सुरक्षितता दिसते तेवढी नसते. एक तुकडा गेला की मालकालाही काही मिळत नाही, आणि सहा शब्द ज्याच्या हाती आले त्याचे काम मात्र सोपे होते. रक्कम मोठी असेल, भागीदारीचा माल असेल, तर तीन चाव्यांपैकी कोणत्याही दोन लागतील अशी वॉलेट मिळतात. संस्थेच्या खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात, तसेच हे.

शब्द कुणी पाहिले अशी शंका आली तर पिन बदलून उपयोग नाही. नवे वॉलेट, नवे शब्द, आणि सारी रक्कम ताबडतोब तिकडे. कोणतीही खरी कंपनी, बँक किंवा सरकारी खाते फोनवर हे शब्द विचारत नाही. विचारणारा ठगच समजावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. एक्स्चेंजपर्यंत पोहोचलेली रक्कम कधी कधी अडवता येते. पण उशीर झाला की आशा उरत नाही.

वारसांचा हक्क

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. माणूस गेल्यावर त्याच्या तरक्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि त्यानंतर वारसांचे ठरलेले हिस्से. क्रिप्टो हाही त्या तरक्याचाच भाग आहे. बँकेतील ठेव वारस दाखल्यावर किंवा न्यायालयाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्रावर मिळू शकते. शब्दांवाचून वॉलेट मात्र कोणत्याही कागदावर उघडत नाही. ज्याने आपले शब्द कुणालाच कळू न देता दडवले, त्याने नकळत विधवेचा, मुलांचा आणि घेणेकऱ्यांचाही हक्क पुरला.

म्हणून एक चिठ्ठी लिहून ठेवावी. तिच्यात शब्द लिहू नयेत. कोणते वॉलेट आहे, पट्टी कुठे आहे, लॉकर कोणत्या बँकेत आहे आणि कुणाला घेऊन जावे, एवढेच लिहावे. वसीयतनाम्यातही शब्द घालू नयेत; तो कागद अनेकांच्या हातून जातो. लॉकरला नॉमिनी नेमावा, आणि नॉमिनी हा माल ताब्यात घेणारा विश्वस्त आहे, एकटा मालक नव्हे, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. ती चिठ्ठी कुठे आहे, हे पत्नीला आणि घरातील आणखी एका जाणत्या माणसाला माहीत असावे.

उधारीची वही आपण बंद कपाटात ठेवतो, पण ती कोणत्या कपाटात आहे हे घरात कुणाला तरी ठाऊक असते. या बारा शब्दांनाही तोच रिवाज लावावा. ज्यांच्या घरात असे वॉलेट आहे, त्यांनी आज रात्रीच मुलाला जवळ बसवून एवढेच विचारावे: शब्द कुठे लिहिले आहेत, आणि त्यावरून वॉलेट पुन्हा उघडून पाहिले आहे का? उत्तर 'मोबाईलमध्ये फोटो आहे' असे आले, तर नवे वॉलेट, नवे शब्द आणि स्टीलची पट्टी या कामाला उद्या सकाळीच लागावे.