आशययुक्त अध्यापन

आशययुक्त अध्यापन म्हणजे विषयाचे ज्ञान आणि तो विषय विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने मांडण्याचे ज्ञान यांचा मेळ होय. महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षणात ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ या नावाने हा विषय शिकवला जात आला आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच्या जवळची संकल्पना मांडली. विद्यार्थी कोठे अडखळतात आणि तेथे कोणते उदाहरण उपयोगी पडते, हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे. केवळ विषयावरील प्रभुत्व पुरेसे नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

उदाहरण

‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे काही मुले २५ ऐवजी ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ या शब्दात तिसाचा उल्लेख असतो, पण दशकस्थानी २ असतात. अशा चुकांचे मूळ बहुधा निष्काळजीपणात नसून संख्यानामांत असते. हे जाणणारा शिक्षक पाढे पुन्हा घोकून न घेता दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या वापरतो.

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस पाच’ अशा पद्धतीचे संख्यावाचनही देण्यात आले. त्यावरून राज्यभर वाद झाला.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील सेमी-इंग्रजी वर्गांत मूल घरी ‘पंचवीस’ आणि गणिताच्या तासाला ‘ट्वेंटी-फाइव्ह’ ऐकते. दोन्ही नावांतील क्रम उलट असल्याने तेथील शिक्षकाला गणिताइतकीच मुलांच्या भाषेचीही जाण आवश्यक ठरते.