मास्तरकीची शिडी

गिरणीतला विव्हिंग मास्तर म्हणजे उत्पादनाचा व्यवस्थापक. अधिकार, पगार, मान त्याचाच. या शिडीची खालची पायरी म्हणजे माग. मागावरचा अनुभवी कामगार जॉबर होई. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक. परंतु कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. दुसरी वाट १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतून जाई. पण तिच्या वर्गात बसण्याइतके शिक्षण कोणाच्या घरी होते? १९८२च्या संपानंतर शिडीच कोसळली. आज खाजगी उद्योगातील नोकऱ्यांत जातीनिहाय आरक्षणाचा देशव्यापी कायदा नाही. व्यवस्थापकाचा पगार गुणवत्तेवर ठरतो म्हणणाऱ्यांनी पहिली पायरी कोणी अडवली, हेही सांगावे.