गांडुळं पिशवी खात नाहीत

दुकानातून येणारी ती पिशवी आता बहुतेकांनी हाताळली आहे. हिरवट रंग, नेहमीच्या प्लॅस्टिकपेक्षा जरा मऊ स्पर्श आणि वर ठळक अक्षरांत ‘कंपोस्टेबल’. घरी गांडूळखताचा डबा असेल, तर पुढचा विचार ओघानेच येतो: टाका डब्यात, गांडुळं बघून घेतील. काही महिन्यांनी खत चाळायला घ्यावं, तर चाळणीवर तीच पिशवी. मळकी, चुरगळलेली, पण अक्षरं वाचता येतील अशी. दुकानदाराने फसवलं, असं आपण म्हणतो. बरेचदा त्याने फसवलेलं नसतं. पिशवीवरचं लिहिलेलंही खरं असतं आणि चाळणीवर दिसतं तेही.

हे कसं, ते कळायला आधी गांडुळांकडे वळू. ‘बागेत खणून चार गांडुळं आणली की झालं,’ हा नेहमीचा समज. खणल्यावर सापडणारी बरीचशी गांडुळं मातीत बिळं करून राहणारी असतात. डब्यातल्या ओल्या कचऱ्यात ती टिकत नाहीत. खतासाठी लागतात ती वरच्या पालापाचोळ्यात राहणारी: आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनी किंवा आपल्याच भागातली पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. आणि मधोमध तोडलं की एकाची दोन होतात, हे तर सोडूनच द्या. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब उरला, तर शेपूट कधीकधी पुन्हा वाढतं, मागचा तुकडा बहुतेक वेळा मरतो. गांडुळं वाढतात ती कोषांतून. मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा, पिवळसर, इवल्या लिंबासारखा दिसणारा हा कोष चाळताना खड्यासारखा वाटतो आणि फेकला जातो. आयसेनियाच्या एका कोषातून बहुधा दोन-चार पिल्लं निघतात, तेव्हा जरा जपून.

गांडुळाला दात नसतात. भाजीच्या ताज्या देठाचं ते काही करू शकत नाही. देठावर आधी जिवाणू आणि बुरशी काम करतात, ते मऊ पडतं, मग गांडूळ तो कुजलेला लगदा जंतूंसकट गिळतं आणि पोटात रेतीच्या कणांवर रगडतं. म्हणून कचरा बारीक चिरून घालायचा आणि एकदम ढीग ओतायचा नाही. सगळं जमून आलं, तर एक किलो गांडुळं दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा संपवतात. नव्या डब्यात त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करावी. लिंबाची सालं थोडी चालतात. लोणचं, तेलकट रस्सा, दही आणि मीठ असलेलं उष्टं मात्र नको, कारण गांडूळ कातडीवाटे श्वास घेतं आणि मिठाने ती कातडी सुकते.

‘वास येणारच’ हाही असाच एक गैरसमज. वास येतो तो पाणी जास्त झालं आणि हवा कोंडली म्हणजे. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला, तर ओल बरोबर आहे; धार लागली, तर सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. तळातून गळणारं काळं पाणीही व्हर्मीवॉश नव्हे. ते अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचं पाणी आहे. व्हर्मीवॉश मिळतं ते तयार खत आणि गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून.

आता तापमान, कारण पिशवीचं सगळं कोडं इथेच आहे. गांडुळांना 15 ते 30 अंश सेल्सिअस मानवतं. 35च्या पुढे ती कासावीस होतात, त्याहून वर मरतात. म्हणून तर विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत डबा सावलीत हलवून त्यावर ओलं गोणपाट टाकतात.

पिशवीची परीक्षा कुठे होते? भारतात कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे. उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मानकाची अट अशी की प्रयोगशाळेत 58 अंशांच्या आसपास ठेवल्यावर त्यातल्या 90 टक्के कार्बनचा 180 दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइड व्हावा. शिवाय 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांहून जास्त तुकडे उरू नयेत. मोठ्या खत प्रकल्पात कचऱ्याचा ढीग स्वतःच्या उष्णतेने इतका तापतो. बाल्कनीतला डबा तापत नाही आणि तापूही द्यायचा नसतो. ज्या उष्णतेत पिशवी कुजून जाईल, त्या उष्णतेत गांडुळं जगणार नाहीत. दोघांना एका डब्यात घातलं, तर एक तर पिशवी तशीच राहणार, नाहीतर गांडुळं भाजणार.

पीएलए हे कंपोस्टेबल वस्तूंमधलं एक नेहमीचं प्लॅस्टिक. 55-60 अंशांखाली ते काचेसारखं कडक राहतं आणि पाण्याने तुटायची क्रिया फार मंदावते. पारदर्शक ‘मक्याचा’ ग्लास डब्यात जसाच्या तसा राहतो तो यामुळेच. ‘मक्यापासून केलंय म्हणजे कुजणारच’ हे मनातून काढून टाका. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन बनवतात. ते साध्या पॉलिथिनइतकंच न कुजणारं असतं. उलट, कंपोस्टेबल पिशव्यांमधला पीबीएटी हा घटक बहुतांशी खनिज तेलापासून येतो आणि तरीही कुजतो. कच्चा माल कुठून आला यावर ते ठरत नाही, रेणूची घडण ठरवते.

मातीत पुरल्यावर काय होतं, हे इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने तपासलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी 27 महिन्यांनंतरही मातीत शिल्लक होती. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तर तीन वर्षांनीही बाजारहाट वाहून नेण्याइतकी धड होती. 2022 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने घरगुती खत करणाऱ्यांना सोबत घेऊन केलेली पाहणीही बोलकी आहे: खास ‘घरी कंपोस्ट होणारं’ असं प्रमाणित केलेल्या प्लॅस्टिकपैकी 60 टक्के पूर्ण विघटित झालं नाही. घरगुती खतासाठी ऑस्ट्रेलियाचं एएस 5810 आणि फ्रान्सचं एनएफ टी 51-800 अशी वेगळी मानकं आहेत. तिथे तापमान 20 ते 30 अंश आणि मुदत एक वर्ष. ऑस्ट्रेलियाच्या मानकात गांडुळांना अपाय होत नाही हेही तपासतात. अपाय होत नाही म्हणजे ती ते खातात, असं नव्हे.

कागदावरही डोळे मिटून विश्वास टाकू नका. चहाचा कागदी कप कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि आतला थर नखाने खरवडा. पापुद्रा सुटून आला, तर तो बहुधा प्लॅस्टिकचा. खत चाळताना असा पापुद्रा सबंध हाती येतो. पळसाच्या पत्रावळी आणि सुपारीच्या झावळीच्या थाळ्या तुकडे करून टाकल्या, तर बिनबोभाट जिरतात. पत्रावळी टाचायच्या बांबूच्या चोयांना मात्र वेळ लागतो.

घरी चाचणी करायची, तर अशी करा. पिशवीचे बोटभर चौकोन कापा. कांद्याच्या जाळीदार पिशवीत ते घालून डब्याच्या मधल्या थरात पुरा. तशाच दुसऱ्या जाळीत बिनछपाईचा खाकी कागद आणि तिसऱ्या जाळीत साधं पॉलिथिन ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? तीन महिन्यांनी उघडा. कागदही जिरला नसेल, तर दोष डब्याचा. कागद गेला आणि पिशवी राहिली, तर पिशवी तुमच्या डब्याची नाही. पण तुकडे दिसेनासे झाले म्हणजे कुजले, असं लगेच समजू नका. ते नुसते बारीक झाले असतील आणि त्यापुढचं प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. गरम पाण्यात विरघळवून किंवा जाळून दाखवणाऱ्या विक्रेत्याचं प्रात्यक्षिक तर काहीच सिद्ध करत नाही. विरघळणं आणि कुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न जिरलेली पिशवी पुनर्वापराच्या प्लॅस्टिकमध्येही घालू नका, तो सगळा माल खराब होतो. आपल्या भागात गरम ढिगाचा खत प्रकल्प आहे का, आणि तो अशा पिशव्या घेतो का, हे महापालिकेच्या घनकचरा विभागात विचारा. नसेल, तर दुकानात ती घेऊच नका. तयार खताची परीक्षा मात्र स्वयंपाकघरातल्या अळिवाने होते: निम्मं खत, निम्मी माती घालून चिमूटभर अळीव पेरा, शेजारी नुसत्या मातीतही पेरा. चार दिवसांत खतातले अळीव मातीतल्यांच्या मागे पडले, तर खत कच्चं आहे. आणखी पंधरा दिवस झाकून ठेवा, मगच कुंडीत घाला.