भिजलेली पुस्तकं आधी गोठवा

‘पुरात भिजलेली पुस्तकं उन्हात वाळवावीत की पंख्याखाली?’ असं चिपळूणच्या एका वाचकाने विचारलं आहे. त्या गावात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले आहेत. दहा-वीस पुस्तकं असतील, तर सावली, पंखा आणि पानांमध्ये टिपकागद एवढ्यावर भागतं. ऊन नकोच, त्याने पुठ्ठे वाकतात. पण हजारो पुस्तकं भिजली असतील, तर वाळवायची घाई करू नका. ती आधी गोठवा.

पाणी ओसरलं की शर्यत लागते ती बुरशीशी. पावसाळ्याच्या कोंदट हवेत ती दोन-तीन दिवसांत पानांवर दिसू लागते, आणि तेवढ्यात सगळं सुकवायला कुठल्याच ग्रंथालयाकडे पुरेशी माणसं नसतात. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही. मग आज शंभर सुकवा, उरलेली वर्षभराने सुकवली तरी चालतं.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पूर आला तेव्हा ही युक्ती कुणाच्या हाताशी नव्हती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी शहरात घुसली. काठावरच्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयाची तळघरं बुडाली आणि सुमारे दहा लाख ग्रंथ व नियतकालिकं चिखलात, घरं तापवायच्या तेलात माखली. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी साखळी करून ती हातोहात वर काढली. इटलीत त्यांना आजही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. पण वाळवायचं कुठे? पानांत लाकडाचा भुसा भरला, तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत ग्रंथ रचले. त्या उष्णतेने चामड्याच्या बांधण्या आक्रसल्या.

मदतीला आलेल्या ब्रिटिश पुस्तकबांधणीकारांचे प्रमुख होते पीटर वॉटर्स. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचं नाव सहसा येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि १९७५ मध्ये भिजलेले ग्रंथ कसे वाचवावेत यावर त्यांची पुस्तिका निघाली. पुस्तकं गोठवून वेळ मिळवा, हा सल्ला तिच्यामुळे जगभरच्या ग्रंथपालांपर्यंत पोहोचला.

गोठवल्यावरची पायरी तर फारच सुंदर आहे. कपाटातली डांबराची गोळी न वितळता विरून जाते ना, बर्फालाही तसंच करायला लावता येतं. हवेचा दाब सुमारे ६११ पास्कलच्या, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या १६६ व्या हिश्शाच्या खाली नेला की पाणी द्रवरूपात टिकूच शकत नाही. बर्फाची थेट वाफ होते. द्रव नाही म्हणजे शाई वाहायला वाहन नाही, आणि गुळगुळीत आर्टपेपरवरचा चिनी मातीचा लेप ओला होऊन पानं चिकटण्याची भीती नाही. १९७८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जलवाहिनी फुटून सुमारे ५० हजार पुस्तकं भिजली, तेव्हा ती लॉकहीड कंपनीच्या निर्वात कक्षात सुकवली गेली. तो कक्ष अंतराळयानांच्या चाचणीसाठी बांधलेला होता! जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर नारा शहरातल्या पुरातत्त्व संस्थेचं यंत्र असंच कामी आलं. एरवी त्यात उत्खननातलं ओलं लाकूड सुकवत.

या यंत्रांचं कौतुक जरूर करावं, पण ती महाग असतात आणि वाकलेलं पुस्तक ती सरळ करत नाहीत. ती नाहीत म्हणून हातपाय गाळण्याचं मात्र कारण नाही. गोठवलेली पुस्तकं थोडी थोडी बाहेर काढून पंख्याखाली सुकवता येतात. खरी गरज आहे ती शीतगृहाची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासळी उणे १८ अंशांना किंवा त्याहून थंड साठवणारे कारखाने आहेत. वाचनालयांनी त्यांच्याशी मे महिन्यातच लेखी बोलणी करून ठेवावीत.

पुस्तकं नेताना ती उघडू नयेत. कणा खाली ठेवून, मध्ये मेणकागद घालून, जाळीदार प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकाच थरात उभी करावीत. आर्टपेपरची पुस्तकं आणि हस्तलिखित दप्तरं पहिल्या फेरीत जाऊ द्यावीत, कारण आर्टपेपर एकदा चिकटून वाळला की पानं पुन्हा सुटत नाहीत.